अप्पांची टाच

मी आयुष्यभर शाळेत पी.टी. शिकवली. गळ्यात शिट्टी, डोक्यावर टोपी आणि मैदानभर माझा आवाज. लेफ्ट-राइट करताना टाच वाजली नाही तर मी खपवून घेत नसे. "मुंग्या मरतील म्हणून जपून चालताय का रे?" असं विचारायची, तेही कन्नडमध्ये, म्हणजे पोरांना जरा जास्तच झोंबायचं. हजारो पोरांच्या टाचा मी अशा जमिनीवर आणल्या. आणि गेल्या वर्षी घरी स्वतःच्या वडिलांची एक टाच काही केल्या मला टेकवता येईना.

अप्पा चौऱ्याऐंशी वर्षांचे. बेंगळुरूतच, बनशंकरीच्या घरी एकटेच राहायचे, स्वतःची कॉफी स्वतः करायचे, आणि कुणी 'आता मुलीकडे राहा' म्हटलं की 'सरी, सरी', म्हणजे बरं, बरं, म्हणून विषय मिटवायचे. मागच्या दारच्या पायरीवरून घसरले आणि उजव्या खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन नीट झालं. पण आता त्यांना एकटं ठेवणं शक्यच नव्हतं, म्हणून इकडे व्हाइटफील्डला आमच्या फ्लॅटमध्ये आणलं. अकरावा मजला. घरात मी आणि माझी मुलगी, दोघीच. माझे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगी इथल्याच एका आयटी पार्कात जाते, निम्मे दिवस घरूनच काम करते. भावंडांत मी थोरली, म्हणून अप्पासुद्धा मला अक्काच म्हणतात. आमचं घराणं बेंगळुरूत इतक्या पिढ्यांचं, की पुण्याकडची माणसं आमचं मराठी ऐकून आधी हसतात आणि मग 'गोड आहे हो' म्हणतात. म्हणू देत.

रोज सकाळी एक फिजिओ मुलगी यायची. हासनची. हसतमुख, पण कामाला कडक. अप्पांना 'ताता' म्हणायची, म्हणजे आजोबा. पहिल्या दिवसापासून तिचं एकच पालुपद, "ताता, टाच आधी टेका, मग पाऊल." अप्पा वॉकर धरून उभे राहायचे, डावा पाय टेकायचे, आणि उजव्याची नुसती बोटं फरशीला लावायचे. टाच वरच. आम्ही म्हणायचो, टेका. ते म्हणायचे, सरी. टाच तिथेच. दुखतंय का विचारलं तर, नाही. भीती वाटते का, नाही. मग काय अडलंय हो? तर नुसतं हसायचे.

तिसऱ्या आठवड्यात त्या मुलीनं मला बाहेर लिफ्टपाशी नेलं आणि हळूच सांगितलं, "आंटी, हाड छान जुळतंय. पण वजन पडलं नाही तर पायातली ताकद जाणार. महिनाअखेरीपर्यंत टाच टेकली नाही, तर ताता पलंगावरच राहतील. मग मी आले काय आणि न आले काय." मी आत गेले आणि अप्पांवर खेकसले. चौऱ्याऐंशी वर्षांच्या माणसावर खेकसू नये, कळतं मला, पण माझा स्वभाव तसा. ते शांतपणे म्हणाले, "मला जमत नाही गं अक्का. टाच खाली न्यायला लागलो की पाय आपोआप थांबतो."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

अप्पांची नोकरी भूकंप ऐकायची होती. शहराच्या उत्तरेला, तेव्हा अगदी रानात, एका उघड्या खडकाच्या टेकडीत तळघर खोदलेलं होतं, आणि त्या तळघरात यंत्र. एक मोठा ड्रम सावकाश फिरायचा, त्यावर कागद गुंडाळलेला, कागदावर पेन टेकलेलं. जगात कुठेही मोठा भूकंप झाला की पेन थरथरायचं. अप्पा त्या यंत्राचे राखणदार. टेकडीखाली चार क्वार्टर्स, त्यातल्या एकात आम्ही. इथेच का, असं मी लहानपणी विचारलं होतं. कारण आपल्याकडचा खडक फार म्हातारा, अप्पा म्हणाले होते. बेंगळुरूच्या लालबागेत उघडा पडलाय तोच हा, इथून तिथवर एकच. त्याचं सगळं हलणं-डुलणं कधीच होऊन गेलंय. आता तो गप्प बसतो, म्हणून त्याला लांबचं ऐकू येतं.

तर त्या म्हाताऱ्या खडकापायी आमचं बालपण गेलं चवड्यांवर. पळायचं नाही, उड्या मारायच्या नाहीत, उखळात कांडायचं नाही. चालताना आधी बोटं, मग तळवा, आणि टाच टेकलीच तर सावकाश, कारण माणसाच्या टाचेचा दणका कागदावर स्वच्छ उमटतो. आम्हां पोरांना अक्षरओळख व्हायच्या आधी चालणं शिकवलेलं होतं. मी सात वर्षांची असताना एकदा मागच्या अंगणात दोरीवरच्या उड्या मारल्या. कुणी बघितलं नव्हतं. संध्याकाळी अप्पांनी मला जवळ बोलावलं, कागद पसरला आणि ओळीनं आलेल्या बारीक रेघांवर बोट ठेवलं. "ही तू," म्हणाले. मग बोट जरा पुढे सरकवून, "आणि ही जपानची. तुझ्याखाली दबली." बस, एवढंच. ना ओरडले, ना हात उचलला. दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं मला. मी पुढे पी.टी.ची शिक्षिका झाले ती त्या रागापायीच, असं माझं पक्कं मत आहे.

असा हा माणूस. सगळी उमर टाच जपून टाकली. आता एक हासनची मुलगी येते आणि म्हणते, दाणकन टाका. पाय थांबणार नाही तर काय होणार!

मग मला एक शक्कल सुचली, आणि इथेच मी माती खाल्ली. माझी मुलगी म्हणाली होती की फोनवर हल्ली असं ॲप मिळतं, फोन जमिनीवर ठेवला की हादरे रेघेत दाखवतं. मी म्हटलं, झालं काम. अप्पांना रेघ दिसली की जुनी हौस जागी होईल, माझं पाऊल कसं उमटतं बघू तरी, म्हणतील, आणि त्या नादात टाच टेकतील. मैदानावर मी असंच करायची. आळशी पोराला स्टॉपवॉच दाखवायचं, की ते आपोआप पळायला लागतं.

मुलीनं तिचा जुना फोन खोलीतल्या खांबाच्या पायथ्याशी ठेवला, कारण खांब थेट खालपर्यंत जातो. रेघ सुरू झाली. अप्पांनी चष्मा मागितला. उशीला टेकून बसले. चेहरा असा उजळला म्हणून सांगू! ऑपरेशनपासून असा चेहरा पाहिलाच नव्हता. तेवढ्यात मुलगी कॉफीचा कप घेऊन आली आणि रेघेनं उडी घेतली. अप्पांनी बोट वर केलं. "शू. मगु, टाच." नातीला ते मगु म्हणतात, म्हणजे बाळ.

पोरगी कप घेऊन होती तिथे पुतळ्यासारखी उभी.

मी म्हटलं, "आता तुम्ही उठा अप्पा, तुमचं पाऊल बघू कसं येतं."

अप्पांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांना देवळात चपला घालून जायला सांगत होते. "यंत्र चालू असताना?" म्हणाले.

अय्यो देवा. झालं ते हे असं. जो माणूस निदान वॉकर धरून उभा तरी राहायचा, तो आता पलंगावरून पायच खाली सोडीना. कागद खराब होईल! मिक्सर बंद, वॉशिंग मशीन बंद. मी आणि माझी मुलगी, दोघी कर्त्या बायका, स्वतःच्या घरात चवड्यांवर. फिजिओ मुलगी आली की ते ओठांवर बोट ठेवून तिला खुर्ची दाखवायचे. ती बिचारी पलंगावरच पायाची हालचाल करून घ्यायची, माझ्याकडे रागानं बघायची आणि जायची. मी एकदा फोन उचलून कपाटात ठेवला, तर अप्पांनी भिंतीकडे तोंड केलं आणि दिवसभर जेवले नाहीत. संध्याकाळी मीच मुकाट्यानं परत ठेवला.

आणि खरं सांगू? मला ते दिवस आवडले. सांगायला लाज वाटते, पण आवडले.

दुपारी मुलगी आपल्या खोलीत हेडफोन लावून कामाला बसली, की मी अप्पांच्या पलंगाशेजारी चटई टाकून आडवी व्हायची. पडदे अर्धे ओढलेले. खाली रस्त्यावर व्हाइटफील्डचा तो सगळा गोंधळ, पण अकराव्या मजल्यावर त्याची नुसती गुणगुण. खांबापाशी फोनवर रेघ सरकत असायची. लिफ्ट आली की जरा जाड व्हायची, वारा सुटला की सावकाश डुलायची. अप्पा ती वाचायचे. "हा आठव्या मजल्यावर कुणी कपाट सरकवलं," म्हणायचे, खरं-खोटं देव जाणे. मग जरा वेळानं म्हणायचे, "चल, खाली जाऊ."

खाली म्हणजे खरोखर खाली. त्यांचा तो बारीक, कुणाला उठवायचं नाही असा आवाज. आधी दहा मजले उतरायचे. कुणाचे कपडे वाळतायत, कुणाची दुपारची झोप, कुणाचा कुकर. मग तळघरातल्या गाड्या. मग तांबडी माती. मग तो म्हातारा खडक, राखाडी आणि गुलाबी पट्ट्यांचा. "इथून घाई नाही करायची," अप्पा म्हणायचे. खडकातून उतरत राहायचं, ऊब वाढत जाते. इथून इलेक्ट्रॉनिक सिटीला जायला जेवढं अंतर, पंचवीस-तीस किलोमीटर, त्याहून थोडं जास्त खाली गेलं की आपल्या पायाखालचं कवच संपतं.

"एवढंच?" मी डोळे मिटून विचारायची.

"एवढंच."

"आणि ट्रॅफिक नाही."

"ट्रॅफिक नाही," अप्पा गंभीरपणे कबूल करायचे.

त्याच्याखाली पुन्हा दगडच, पण तापलेला. घट्ट आहे, तरी वाहतो. मला पटायचं नाही. घट्ट आहे तर वाहतो कसा? "गुळाची ढेप उन्हाळ्यात बसते ना गं खाली? कुणाला दिसतं का बसताना?" त्या वाहण्यावरच वरची कवचं सरकतात. आपलं कवच एके काळी थेट दक्षिणेला होतं, तिथून सुटलं, समुद्र ओलांडत वर आलं आणि आशियाला जाऊन भिडलं. हिमालय म्हणजे त्या भिडण्याच्या सुरकुत्या. अजून भिडतंय. त्याच्या खाली वितळलेल्या लोखंडाचा समुद्र. "इथे दुसरी लाट थांबते," अप्पा म्हणायचे. भूकंपाच्या दोन लाटा निघतात. पहिली ढकलत जाते, तिला सगळ्यातून जाता येतं. दुसरी हलत-डुलत मागून येते, आणि तिला पातळ पदार्थातून जाताच येत नाही. ती पलीकडे पोचली नाही, म्हणूनच तर माणसाला कळलं की आत पातळ आहे. "कुणी गेलं नव्हतं बघायला. दार वाजलं की आवाज कसा येतो ते ऐकत बसायचं, बस, एवढंच आम्ही केलं." आणि त्या समुद्राच्या मध्ये पुन्हा लोखंडाचाच एक गोळा, घट्ट, सूर्याच्या अंगाइतका तापलेला.

"मग?"

"मग काय, दुसऱ्या बाजूनं वर निघायचं."

मी कधी दुसऱ्या बाजूला पोचलेच नाही. लोखंडाच्या समुद्रापाशी मला झोप लागायची. अर्धवट झोपेत वाटायचं, आमची अख्खी बिल्डिंग दोरीवरच्या कपड्यांसकट उत्तरेला निघालीय, कुणाला काही न कळता, आणि मी सात वर्षांची आहे, आणि अप्पा माझ्याशी बोलतायत. लहानपणी ते माझ्याशी इतकं कधीच बोलले नव्हते. दिवसभर यंत्रापाशी, आणि घरी आले की गप्प. मला वाटायचं, जगाच्या पोटातलं सगळं ऐकू येतं या माणसाला, फक्त मी सोडून. आता पन्नास वर्षांनी तो आवाज मला एकटीला मिळत होता, आणि मी मेली तो सोडायला तयार नव्हते.

एका दुपारी मी त्यांच्या पायाची नखं कापत होते. अप्पा म्हणाले, "आपली जमीन साधारण याच बेतानं सरकते. नखं वाढतात तशी." मग मनातल्या मनात काही हिशेब केला आणि हसले. "मी पडल्यापासून आपण सगळे अर्धा सेंटीमीटर उत्तरेला आलो. आणि ती मुलगी म्हणते ताता चालत नाहीत!"

मी हसले. हसता हसता त्यांची पोटरी हातात धरली आणि हसू तिथेच विरलं. पोटरी होतीच कुठे? नुसती कातडी हातात आली. डावी आणि उजवी यांत केवढा फरक पडला होता! मी रोज शेजारी पडून गोष्टी ऐकत होते आणि हा पाय असा वाळत चालला होता. त्याच वेळी कॅलेंडर बघितलं. महिना संपायला आठ दिवस राहिले होते. नऊ दिवस गेले होते माझ्या त्या शकलेत. माझी अक्कल कुठे चरायला गेली होती देव जाणे. मी न्हाणीघरात गेले, नळ सोडला आणि रडले. माझ्या लाडापायी माझा बाप पलंगाला खिळणार, हे मला स्पष्ट दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी रविवार. मुलीला तिच्या कॉलेजातल्या मैत्रिणींचा फोटो भिंतीवर लावायचा होता. तिनं हातोडी उचलली मात्र, अप्पांचं बोट वर. तीही माझीच मुलगी. वैतागून म्हणाली, "अज्जा, दिस इज टू मच! तुमच्या क्वार्टर्समध्ये कुणी कधी खिळाच ठोकला नाही का?"

"ठोकायचे की," अप्पा म्हणाले. "आठ वाजता."

मी स्वयंपाकघरात पळी घेऊन उभी होते, तशीच बाहेर आले. आठ वाजता! कशी विसरले होते मी? रोज सकाळी आठ वाजता कागद संपायचा. अप्पा ड्रम थांबवायचे, जुना कागद काढायचे, नवा गुंडाळायचे. पाच मिनिटं. तेवढ्या वेळात यंत्र बहिरं. ड्रम थांबला की अप्पा तळघराच्या दारात येऊन खांद्यावरचा पंचा हलवायचे, आणि चारही क्वार्टर्समध्ये एकच कल्लोळ उठायचा. खिळे ठोकले जायचे, मिरच्या कांडल्या जायच्या, पलंग सरकायचे. शेजारचे काका सायकल उलटी करून दाणदाण ठोकायचे. आम्ही पोरं ओट्यावरून धपाधप उड्या मारायचो, श्वास लागेपर्यंत. दिवसाचा सगळा दंगा त्या पाच मिनिटांत उरकायचा. मग दुसऱ्यांदा पंचा हलला की पुन्हा सगळं चिडीचूप.

"मग इथे आठ का वाजत नाहीत?" मुलीनं विचारलं.

अप्पा खांबाकडे बघत म्हणाले, "या यंत्राचा कागद संपतच नाही गं. बदलणार काय?"

खरोखर त्या क्षणी मला लेकीचा मुका घ्यावासा वाटला. क्षणाचाही विलंब न करता म्हणाली, "संपतो की, अज्जा. फाइल भरते. रोज सेव्ह करून नवी फाइल सुरू करायला लागते. आपण केलीच नाही."

अप्पांचे कान लाल झाले. "दहा दिवस? दहा दिवस एकच कागद? छे, छे, छे! असं चालत नाही!" मग बराच वेळ पुटपुटत राहिले. शेवटी म्हणाले, "उद्या आठ वाजता. आणि बदलणार मी. ते काम दुसऱ्याच्या हातात द्यायचं नसतं."

मी फिजिओ मुलीला फोन केला. म्हटलं, उद्या काही झालं तरी आठच्या आत पोच. ती पावणेआठलाच आली. अप्पा दाढी करून, पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून तयार. घड्याळ हातात. आठला दोन मिनिटं कमी असताना त्यांनी वॉकर मागितला. पलंगापासून खांबापर्यंत पाच पावलं. डावा पाय पूर्ण, उजव्याची बोटं. डावा पाय पूर्ण, उजव्याची बोटं. फिजिओ मुलीनं कमरेचा पट्टा धरलेला, मी मागे हात पसरून, जणू तापलेली कढई घेऊन कुणी चाललंय. पोचले. माझ्या मुलीनं फोन उचलून त्यांच्यासमोर धरला. अप्पांनी बोट दाबून तो बंद केला, घड्याळ पाहिलं, आणि म्हणाले, "बंद."

झालं. आणि उभे राहिले तसेच. टाच वरच.

"ताता, आता टेका," फिजिओ मुलगी म्हणाली.

अप्पांनी फोनकडे पाहिलं. माझ्या मुलीनं काळा पडदा त्यांना दाखवला. "बंद आहे, अज्जा. काहीच उमटणार नाही." त्यांनी मान हलवली, पाय जरा उचलला, खाली आणला, आणि बोटं टेकल्यावर पाय थांबला. पुन्हा उचलला. पुन्हा थांबला. घड्याळाचा काटा चालला होता. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्यांच्यावर नाही, कशावर ते मला आजही सांगता येणार नाही. मी ओरडले, मैदानावरच्या आवाजात, "अप्पा! पाचच मिनिटं आहेत!" आणि मीच सुरू केलं. लेफ्ट, राइट, लेफ्ट, राइट, फरशीवर धाडधाड टाचा आपटत. माझी मुलगी क्षणभर बघत राहिली, मग तीही लागली आपटायला. फिजिओ मुलगी हसायला लागली, पण पट्टा सोडला नाही तिनं, आणि एका पायानं तिनंही ठेका धरला. तीन बायका, अकरावा मजला, सकाळचे आठ. अप्पा आमच्याकडे आळीपाळीनं बघत होते. तोंड किंचित उघडं.

आणि त्यांची टाच खाली आली. थप्प.

त्याबरोबर ते ओरडले. "अय्योऽऽ!" असा खणखणीत, छातीतून. मी जन्मल्यापासून अप्पांचा मोठा आवाज ऐकला नव्हता. आम्ही तिघी जागच्या जागी थिजलो. फिजिओ मुलीचा चेहरा उतरला. "दुखलं, ताता?"

अप्पांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्यांनी वॉकरची पकड घट्ट केली. "फार दुखलं," म्हणाले. "धर. परत."

थप्प. पुन्हा ओरडले. थप्प. फिजिओ मुलगी मोजायला लागली, ओंदु, यरडु, मूरु. मी हाताची घडी घालून भिंतीला टेकून उभी राहिले.

तेवढ्यात इंटरकॉम वाजला. खालच्या मजल्यावरच्या बाई. मी त्यांना लिफ्टमध्ये पाहिलं होतं, बोलणं कधी झालं नव्हतं. त्या हिंदीत, अगदी सभ्यपणे, पण चिडून म्हणाल्या, "मॅडम, वरून केवढा आवाज येतोय! काय तोडफोड काढलीय का? सोमवारी सकाळी?"

मागे पुन्हा टाच पडली. मी रिसिव्हर दोन्ही हातांनी धरला.

"तोडफोड नाही हो," मी म्हटलं. "माझे वडील चालतायत."

मग बाईंनी विचारलं, "उद्या पण?"

"उद्या पण," मी म्हटलं, आणि मला हुंदका आवरेना. "परवा पण. रोज."